मदत हवी आहे: हॉलमधे समुद्राच्या चित्रांचा सेट लावायचाय, पण भिंतीवर टिकल्या चिकटवल्यासारखं दिसतंय

मुरुडकरीण

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

मार्चमधे दहिसरला रिसेलचा वन बीएचके घेतला. २८ वर्षं जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, ट्रॅक इतका जवळ की विरार फास्ट गेली की कपाटातले कप किणकिणतात. हॉल १० बाय १५, भिंती ऑफ व्हाईट, सोफा राखाडी, ७ फुटी, आणि त्याच्या मागची अख्खी भिंत रिकामी. तिथे समुद्र हवा हा नवऱ्याचा हट्ट. तो अकोल्याचा, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजला मुंबईत आल्यावर, त्यामुळे त्याचं ते प्रेम अजून ताजं आहे. मी मुरुडची. माझ्यासाठी समुद्र म्हणजे ओहोटीचा चिखल, बांबूवर सुकत घातलेले बोंबील आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या होड्या. पण भिंत दोघांची आहे तर म्हटलं ठीक.

त्याने ऑनलाईन मालदीवच्या समुद्राचा तीन पीसचा कॅनव्हास सेट मागवला. फोटोत तो सेट अख्ख्या सोफ्यावर पसरलेला होता, खोक्यातून निघाले एकेक ८ बाय १२ इंचाचे तुकडे!! साईज खाली बारीक अक्षरात लिहिली होती म्हणे, त्यामुळे परतही घेईनात. मग जागा भरायला म्हणून एका प्रदर्शनातून एक दीपस्तंभ आणि एक सूर्यास्त आणला. आता पाचही लावून बघितली तर काहीतरी वाकडं दिसतंय, लेव्हल लावून तपासलं तर सगळं सरळ आहे तरी वाकडंच दिसतंय. मालदीवचा निळा, सूर्यास्ताचा नारिंगी, दीपस्तंभ लालपांढरा, नुसती जत्रा झालीये.

त्यात सोफ्यामागची भिंत पश्चिमेची, बाहेरची. एप्रिलमधे नवा रंग लावला आणि आता जुलैत खालच्या कोपऱ्यात रंग फुगायला लागलाय. आणि जाऊबाईंचा रोज एक व्हॉट्सॅप फॉरवर्ड, बेडरूममधे पाण्याचं चित्र नको, दक्षिणेला नको, त्यापेक्षा ते वाळक्या फांदीसारखं दिसणारं इंद्रजाल फ्रेम करून लावा म्हणे. सासूबाई चातुर्मासात आमच्याकडे असतात, माळकरी आहेत, त्यांचं मात्र काही म्हणणं नाही, त्या म्हणतात तुमचं घर तुमची भिंत.

तर साईज किती घ्यायची, एकच चित्र तीन तुकड्यांत चांगलं की वेगवेगळी, आणि पावसाळ्यात हे सगळं टिकेल का? बजेट आठ-दहा हजार, त्यावर नाही.

खारीबिस्कीट

अभिनंदन नवीन घराबद्दल! आधी गणित करा मग खरेदी. सोफ्याच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश रुंदी चित्रांनी व्यापली पाहिजे, तुमचा सोफा ८४ इंच तर चित्रं मधल्या फटी धरून ५६ इंच. तुमचे तीन तुकडे मिळून फटी धरून ३० सुद्धा होत नाहीत, टिकल्याच दिसणार. दोन फ्रेम्समधे दोन ते तीन इंच, सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच वर, ह्याहून उंच लावलं की चित्रं छताला टांगल्यासारखी वाटतात. आपल्याकडे सगळे फार वर लावतात, बहुतेक देवादिकांचे आणि आजोबांचे फोटो दाराच्या वर लावायची सवय तीच.

आणि खिळा ठोकायच्या आधी जुन्या पेपरचे त्याच मापाचे तुकडे कापून मास्किंग टेपने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. पाहुणे हसतील, हसू दे.

चौथी_सीट

तुमचं वाकडं का दिसतंय ते सांगतो. क्षितिज. दीपस्तंभात क्षितिज खालच्या बाजूला असणार, सूर्यास्तात बरोब्बर मधोमध, आणि कॅनव्हासमधे अजून तिसरीकडेच. शेजारी शेजारी लावलं की डोळा ती रेघ एका चित्रातून दुसऱ्यात ओढत नेतो आणि ती पायऱ्या पायऱ्यांनी जाते, मग फ्रेम कितीही सरळ असली तरी मन म्हणतं वाकडं आहे. समुद्राच्या चित्रांचीच ही गंमत, फुलांच्या चित्रांत असा त्रास नाही. एक तर सगळ्यांचं क्षितिज एका उंचीवर हवं, नाहीतर क्षितिजच नसलेली चित्रं घ्या, शिंपले, मासे, वरून काढलेली लाट, नकाशा वगैरे.

सेट म्हणजे सगळं निळं असं नसतं हो. एकच मोल्डिंग (फ्रेमची पट्टी), एकच माऊंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आणि कागदाचा रंग एक असला की आतले विषय वेगळे असले तरी घरचेच वाटतात. एक चित्र तीन तुकड्यांत कापलेलं मला तरी हॉटेलच्या लॉबीसारखं वाटतं, वैयक्तिक मत, दगड मारू नये.

ईशान्य_कोपरा

जाऊबाई बरोबर बोलतायत. पाणी ईशान्येला किंवा उत्तरेला. आमच्याकडे इंद्रजाल सहा वर्षं आहे, फ्रेममधे, अनुभव चांगला आहे, दुर्मिळ वनस्पती असते ती.

ओहोटी

@ईशान्य_कोपरा, दिशा तुम्ही म्हणता ती असेल, त्यात मी पडत नाही, पण इंद्रजाल ही वनस्पती नाहीये. झाडाच्या वाळक्या फांदीसारखं दिसतं म्हणून मूळ, वनस्पती वगैरे सांगून विकतात, प्रत्यक्षात तो समुद्राच्या तळाशी वाढणारा प्राणी आहे, प्रवाळाच्या नात्यातला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, विकणं विकत घेणं दोन्ही गुन्हा. खऱ्या प्रवाळाचे तुकडे, वाळवलेले समुद्रघोडे, हेही तसंच. मूळ धागाकर्तीला कळकळीने सांगते, समुद्राची थीम म्हणून खरा समुद्र भिंतीवर टांगू नका. कागदावरचा भरपूर आहे.

ईशान्य_कोपरा

बापरे, हे खरंच माहीत नव्हतं. दुकानदाराने तर कोकणातल्या जंगलातली म्हणून दिली होती.

पोपडा

माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, दुकानाची जाहिरात करत नाही, फक्त भिंतीबद्दल बोलतो कारण सगळे चित्राबद्दलच बोलतायत. मॅडम, आधी त्या फुगलेल्या रंगाकडे बघा. त्या जागी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला दव असेल तर ती खोलीतली दमट हवा आहे. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असेल तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या प्लास्टरला तडा असणार, सोसायटीच्या मागे लागा. पाऊस संपून ते काम होईपर्यंत त्या भिंतीवर काचेची फ्रेम लावूच नका. काचेमागे दमट हवा कोंडली की माऊंटवर तपकिरी ठिपके पडतात आणि ते परत जात नाहीत. नंतर कसर लागते ती वेगळीच.

सोफा समोरच्या आतल्या भिंतीला नेता आला तर सगळ्यात उत्तम, नाही जमलं तर एवढं करा. फ्रेमची पट्टी सिंथेटिक घ्या, एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली पट्टी, पाणी पिऊन फुगतं. मागची बाजू ब्राऊन टेपने बंद करून घ्या. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे फ्रेम आणि भिंत ह्यांच्यात हवा खेळते. आणि ट्रॅकशेजारी राहता ना? मग प्रत्येक फ्रेमला एक नाही, दोन हूक. एका हूकवरची फ्रेम गाड्यांच्या हादऱ्याने रोज थोडी थोडी कलते, माझी अर्धी गिऱ्हाईकं हीच तक्रार घेऊन येतात. जुन्या बिल्डिंगमधे विटांची भिंत असते, छिद्र सहज पडतं पण प्लास्टर भुसभुशीत निघालं तर लांब रावळप्लग (स्क्रू घट्ट बसावा म्हणून छिद्रात घालतात ती नळी) वापरायचा.

चिकटपट्ट्यांवर भिस्त ठेवू नका, पावसाळ्यात रात्री दोनला धाडकन आवाज येतो.

ओहोटी

आता चित्रांचं. तुमचं ते बोंबलांचं वाक्य वाचून सुचलं, मालदीव कशाला हवाय? फ्रान्सिस डे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ म्हणून ग्रंथ आहे, १८७५ ते १८७८ दरम्यान निघाला, त्यात आपल्या समुद्रातल्या माशांची अप्रतिम रेखाचित्रं आहेत, खवलान् खवला मोजून घ्या. स्कॅन केलेली पानं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साईटवर फुकट मिळतात, कॉपीराईट कधीच संपलाय. पापलेट, सुरमई, बांगडा, रावस, हलवा, बोंबील सगळी मंडळी हजर आहेत, फक्त शास्त्रीय नावाने शोधावं लागतं. काळीपांढरी आहेत त्यामुळे रंगांची जत्राही नाही, क्षितिजही नाही.

मात्र एका पानावर चार-पाच मासे असतात, एकेक क्रॉप करावा लागेल, आणि क्रॉप केल्यावर फार मोठा प्रिंट काढलात तर फुटेल. ए-फोरच्या पलीकडे जाऊ नका. ए-फोर आडवा, भोवती दोन इंच माऊंट, अर्ध्या इंचाची पट्टी, म्हणजे फ्रेम साधारण साडेसोळा इंच रुंद. तीन एका ओळीत, मधे तीन तीन इंच, झाले साडेपंचावन्न. खारीबिस्कीट ह्यांचे ५६! खाली अजून तीन, उंची २९ इंचाच्या आसपास. सहा फ्रेम. प्रिंटवाल्याला पिगमेंट इंक आणि मॅट कागद सांगा, पश्चिमेच्या उन्हात साधी शाई लवकर उडते.

चौथी_सीट

हे भारी आहे!! आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तेवढंच भिंतीवरचं पापलेट.

मुरुडकरीण

किती छान उत्तरं दिलीत सगळ्यांनी, एकेकाला सांगते. प्लास्टिक लावलं होतं, दव आतल्या बाजूला निघालं :( सेक्रेटरींना अर्ज दिलाय, ते म्हणाले पाऊस संपू दे. सोफा आतल्या भिंतीला सरकवलाय, दाराशी जरा दाटी होते पण चालतंय.

नवऱ्याला मासे दाखवले तर आधी तोंड पाडलं, ह्यात समुद्र कुठाय म्हणाला. शेवटी तह झाला, बेडरूमबाहेरच्या पॅसेजमधे त्याची ती जपानी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध लाट लागणार. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साईटवर मोठी फाईल फुकट मिळाली. आम्ही पोस्टरएवढी करायला निघालो होतो, मग वाचलं की मूळ छाप जेमतेम २५ बाय ३७ सेंटीमीटरचा आहे, ए-थ्रीपेक्षाही लहान! मग ए-थ्रीच केली.

मला खरी धास्ती सासूबाईंची होती, माळकरी बाईसमोर हॉलमधे सहा मासे टांगायचे म्हणजे... पेपरच्या तुकड्यांऐवजी साधे झेरॉक्स काढून भिंतीवर लावले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. त्या चष्मा लावून एकेकासमोर थांबल्या. सुरमईला म्हणाल्या ही देखणी आहे. मग म्हणाल्या, मला खायचे नाहीत, बघायला काय जातंय, पण हा एक काढ बाई, ह्याचं तोंड बघून जेवण जाणार नाही. बोंबील! माझा बोंबील! आ वासलेला, दात बाहेर, खरं सांगायचं तर त्यांचंही चूक नाही. तो आता स्वयंपाकघरात माझ्या ओट्यावर लागणार, काच लावून, फोडणीपासून लांब.

पण मग सहावी जागा रिकामी झाली. पापलेट, सुरमई, बांगडा, रावस, हलवा आहेत. सहावा कोणता घेऊ? घोळ चांगला दिसेल का, लांबुळका आहे म्हणून विचारते.

खारीबिस्कीट

पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे आणि घोळ त्याच वर्षी गुजरातने घेतला. एका भिंतीवर लावून उगाच घोळ घालू नका. मुशी घ्या.

ओहोटी

मुशीचं तोंड बघितलंय का कधी? बोंबील बरा. तारली घ्या ताई, साधी, गरीब, कोणाचं जेवण जाणार नाही.