शब्दचर्चा : ‘प्रतिजैविक’, ‘सूक्ष्मजीवरोधी’ की ‘जीवाणुरोधी’?

शब्दवेडी : पणजीतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक करायचा आहे. मसुद्यातला मथळा असा : ‘समुद्री स्पंजांपासून नवी प्रतिजैविके’. अँटिबायोटिक आणि अँटिमायक्रोबियल दोन्हींना ‘प्रतिजैविक’ चालेल का?

मांडवीकाठ : नको. अँटिबायोटिक या शब्दाला आजचा अर्थ सेल्मन वाक्समन यांनी १९४०च्या दशकात दिला : एका सूक्ष्मजीवाने घडवलेला आणि दुसऱ्याची वाढ रोखणारा वा त्याला मारणारा पदार्थ. ‘प्रतिजैविक’ त्यालाच राखून ठेवा. सल्फा औषधे माणसाने रसायनांतून घडवलेली, ती या व्याख्येबाहेर. अँटिमायक्रोबियलमध्ये मात्र येतात. तिथे बुरशीविरोधीही आली. म्हणून ‘सूक्ष्मजीवरोधी’. ‘जंतुनाशक’ म्हटले की फिनेलची बाटली दिसते.

अर्क : मला ‘स्पंजांपासून’ जास्त खटकते. स्पंज हा प्राणी, पण काही स्पंजांच्या जैवभारात (सजीव वजनात) ४० टक्क्यांपर्यंत वाटा सूक्ष्मजीवांचा असतो, त्यामुळे स्पंजात सापडलेले संयुग त्यानेच घडवले असे म्हणता येत नाही. ‘थिओनेला स्विनहोई’ या स्पंजातली अनेक संयुगे एंटोथिओनेला हे जीवाणू घडवतात, हे २०१४ साली त्यांच्या जनुकांवरून दाखवले गेले.

शब्दवेडी : मग ‘स्पंजातील सहजीवी जीवाणू’?

खडपावरचो : ‘सहजीवी’ म्हणायला पुरावा लागतो. स्पंज दिवसभर पाणी गाळतो, त्यातले जीवाणू खातो. तुमच्या प्लेटवर (जीवाणू वाढवायच्या बशीत) उगवलेला जीवाणू त्याचा सोबती असेल, जेवण असेल किंवा वर चिकटलेला गाळही असेल. ‘विलग केलेले’ एवढेच खरे.

तेही नमुना नीट घेतला असेल तर. गोव्यात हणजुण्याच्या खडपांवर (खडकांवर) सुकतीला (मराठीत ओहोटीला) स्पंज मिळतात. पावसाळ्यात जाऊ नये, दर्या खवळलेला आणि पाणी गढूळ. तुकडा पाण्यातच पिशवीत घ्यायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि काही तासांत कामाला लावायचा. निर्जंतुक समुद्रपाण्याने तीनदा धुवायचा, नाहीतर बाहेरचेच जीवाणू मोजत बसाल. मग १ ग्रॅम तुकडा ९ मिलिलिटर निर्जंतुक समुद्रपाण्यात खलायचा आणि दहा-दहा पटींनी पातळ करत दशलक्षपटीपर्यंत न्यायचा. याला पुस्तकात ‘क्रमिक विरलन’ म्हणतात, शब्द चांगला आहे. प्रत्येकातले ०.१ मिलिलिटर समुद्रपाण्यात केलेल्या अगारवर (जीवाणूंना वाढायला केलेल्या जेलीवर) पसरायचे.

ॲक्टिनोमायसीट (हळू वाढणारे, पुष्कळ प्रतिजैविके देणारे जीवाणू) हवे असतील तर घाई नडते. पहिल्या दोन दिवसांत जलद वाढणारे प्लेट व्यापून टाकतात. त्यांना दाबायला नॅलिडिक्सिक आम्ल, बुरशीसाठी सायक्लोहेक्झिमाइड घालतात आणि २८ अंशांवर तीन-चार आठवडे थांबतात. प्लेटच्या कडा पॅराफिल्मने (ताणता येणाऱ्या मेणपट्टीने) बंद केल्या नाहीत तर तोवर अगारचा पापड होतो.

शब्दवेडी : विलग केलेल्या जीवाणूंचा इथाइल ॲसिटेट या द्रावकात अर्क काढला, तो कागदी चकतीवर घेऊन चाचणीचे जीवाणू पसरलेल्या अगारवर ठेवला. चकतीभोवती जिथे ते वाढत नाहीत त्या ‘झोन ऑफ इनहिबिशन’ला ‘निरोधक्षेत्र’ लिहिले आहे.

अर्क : प्रेक्षक हसतील. ‘रोधवलय’ करा, दिसतेही वलयच. पण त्याखाली ‘वलय मोठे म्हणजे औषध जालीम’ असे लिहू नका. मोठे, तेलकट रेणू अगारमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे प्रभावी अर्काचेही वलय चिमुकले पडते. उलट इथाइल ॲसिटेट पुरते उडाले नसेल तर नुसत्या द्रावकाने वलय पडते. म्हणून शेजारी फक्त द्रावक लावलेली चकती हवीच. तिच्याभोवती वलय दिसले तर ती प्लेट बाद.

मांडवीकाठ : आणि वलयावरून ‘रोधी’ कळते, ‘नाशक’ नाही. जीवाणू मेले की नुसते थांबले, हे वलय सांगत नाही. त्यासाठी द्रव माध्यमात अर्क निम्मा-निम्मा पातळ करत जायचे, चाचणीच्या ताटलीतल्या प्रत्येक खळग्यात मिलिलिटरमागे ५ लाख जीवाणू, ३५ अंशांवर १६ ते २० तास. ज्या सर्वांत पातळ खळग्यात वाढ दिसत नाही, त्यातले अर्काचे प्रमाण ही ‘किमान रोधक संहती’. ‘मात्रा’ नको, मात्रा रोग्याला देतात. मग वाढ न दिसलेल्या खळग्यांतले थेंब ताज्या अगारवर टाकायचे, ९९.९ टक्के मेले असतील तरच ‘नाशक’.

शब्दवेडी : आमच्याकडे फक्त वलये आहेत. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय या दोनच जीवाणूंविरुद्ध.

मांडवीकाठ : मग ‘सूक्ष्मजीवरोधी’ही जास्त झाले. ‘जीवाणुरोधी’.

अर्क : ‘नवी’सुद्धा काढा. वलय देणाऱ्यांत पुष्कळदा जुनीच ओळखीची संयुगे निघतात. ॲक्टिनोमायसिन हे जुने प्रतिजैविक तर पुन्हा पुन्हा. अर्क वस्तुमान वर्णपटमापीतून काढून रेणूचे वस्तुमान ज्ञात संयुगांशी ताडायचे, त्याला डीरेप्लिकेशन म्हणतात. मराठीत काय म्हणावे?

खडपावरचो : ‘ज्ञातनिरास’?

मांडवीकाठ : शुद्ध आहे, पण भटजींना बोलावावे लागेल. ‘जुने गाळणे’ म्हणा, फलकावर कळते.

शब्दवेडी : तर मथळा : ‘समुद्री स्पंजांतून विलग केलेल्या जीवाणूंचे जीवाणूरोधी अर्क’. जीवाणू दोनदा आले.

अर्क : येऊ देत, तेच तर सांगायचे आहे. फक्त समासात ‘णु’ ऱ्हस्व : जीवाणुरोधी.