गुडविलची चाचणी आणि जुन्या धंद्याची ढाल

गुडविलची (धंदा विकत घेताना त्याच्या निव्वळ मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त मोजलेली रक्कम) दरवर्षी इम्पेअरमेंट चाचणी होते, म्हणजे पुस्तकातली किंमत खऱ्या किमतीपेक्षा जास्त तर नाही ना हे तपासतात, त्यामुळे जास्त मोजलेली किंमत लपत नाही, हे मला पटत नाही. आयएएस 36 या आंतरराष्ट्रीय लेखामानकानुसार गुडविल एकटं तपासलंच जात नाही, ते ज्या युनिटला (स्वतंत्रपणे पैसे कमावणारा धंद्याचा भाग) वाटून दिलंय ते अख्खं युनिट तपासतात. समजा, जुन्या धंद्याचं पुस्तकी मूल्य 100, खरं 150. त्यात 60 ला घेतलेला धंदा मिसळला, पैकी गुडविल 20. पुढे या घेतलेल्या धंद्याची किंमत 30 वर आली. एकूण 180, पुस्तकात 160. तोटा शून्य! वेगळा तपासला असता तर सगळं गुडविल उडालं असतं.

म्हणजे आयएएस 38 हे मानक जे स्वतः कमावलेलं गुडविल (इथे जुन्या धंद्याचे ते जादा 50) ताळेबंदात येऊ देत नाही, तेच इथे विकत घेतलेल्याला झाकतं. म्हणून मी आधी गुडविल कुठल्या युनिटला वाटलंय ते सांगणारी हिशेबांमधली टीप वाचते.