दारू सुटली, पण 'आता जगायचं कशासाठी?' धर्मग्रामातल्या गटाबद्दल प्रश्न

केळीचा_घड: वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्यांसाठी शुक्रवारचा गट सुरू करतोय. सगळे 3 ते 6 महिने दारूपासून दूर. काम गेलेलं, घरात पत नाही. समितीचं म्हणणं, रविवारच्या मिस्सेनंतर त्यांना साक्ष द्यायला, म्हणजे दारू कशी सुटली ते सगळ्यांसमोर सांगायला लावू, म्हणजे जगण्याला हेतू मिळेल. हे बरोबर आहे का? आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतली चौथी-पाचवी, म्हणजे स्वतःच्या चुकांची यादी करून ती दुसऱ्यासमोर कबूल करणं, फादरांकडच्या पापनिवेदनातच (कन्फेशनमध्ये) उरकली तर चालेल?

बावखल: साक्ष वर्षभर तरी नकोच. तीनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या की माणसाला वाटतं, आपण पार पडलो. पुढे पाय घसरला तर त्याच तीनशे जणांची लाज वाटून तो चर्चचं तोंड बघत नाही. पौलाचा तरी दाखला घ्या. गलतीकरांस पत्र 1:17-18 प्रमाणे तो आधी अरबस्तानात गेला, यरुशलेमला पोचला तीन वर्षांनी.

त्यापेक्षा छोटं, ठरलेल्या वेळेचं काम द्या. सभा सातला असेल तर साडेसहाला सतरंज्या आणि चहा. तो आला नाही तर चहा होणार नाही, एवढी जबाबदारी खरीच त्याच्यावर हवी; दया म्हणून दिलेलं काम लगेच कळतं. दानपेटी मात्र एकट्याच्या हाती नको. संशय म्हणून नव्हे; रोख रक्कम हाती येणं हेच अनेकांना पुन्हा गुत्त्याकडे नेतं.

सोपारेकर: पापनिवेदनात उरकू नका. शनिवारच्या रांगेत पाच मिनिटं मिळतात, पाचव्या पायरीला दोन तास सहज लागतात. फादरांची वेगळी वेळ घ्या. संस्कारात सांगितलेलं फादर नंतर स्वतःहून काढू शकत नाहीत, म्हणून पाठपुराव्याला स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेला सोबती, लागतोच.

चौथीसाठी वहीत चार रकाने आखायचे: कोणाचा राग, कशामुळे, माझं काय दुखावलं, माझा वाटा किती. बहुतेकांचे पहिले तीन भराभर भरतात आणि चौथा कोरा राहतो. चौथ्यात 'बायको कटकट करायची' असं आलं तर ते खोडायला लावा. तो रकाना फक्त स्वतःचा.

हेतू खरा सापडतो आठवी-नववीत, म्हणजे ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करून भरपाई करण्यात. बायबलातल्या जकातदार जक्कयाने चौपट परत करायचं कबूल केलं (लूक 19:8). आपल्या माणसाला किराणावाल्याचे महिना 200 जमले तरी पुरे. डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट 1884 साली 28 व्या वर्षी थांबला, तेही आधी फक्त 3 महिन्यांच्या शपथेवर. दारूसाठी त्याने एका वादकाचं फिडल चोरलं होतं. नंतर त्याला खूप शोधलं, सापडला नाही, तेव्हा ते पैसे त्याच्यासाठी मिस्सा करायला दिले. मात्र सांगण्याने समोरच्याचं किंवा तिसऱ्याचं नुकसान होणार असेल, तर जाऊन सांगायचं नाही. नववी पायरीच तसं म्हणते.

निळी_छत्री: कोण डायसल्फिरामवर (दारू सुटावी म्हणून देतात ती गोळी) आहे ते आधी विचारा. लग्नाच्या किंवा सणाच्या मिस्सेत ख्रिस्तप्रसाद द्राक्षारसात बुडवून देतात, तेव्हा त्यांनी नुसती भाकर मागायची. एका रूपातही संस्कार पूर्णच असतो. या गोळीवर दारू गेली तर तोंड लाल होतं, धडधडतं, उलट्या होतात. गोळी बंद केल्यावरही परिणाम 14 दिवसांपर्यंत राहू शकतो. नाताळचा रम घातलेला केक आणि काही खोकल्याची औषधंही त्यातच आली.

'विश्वास आहे, मग गोळ्या कशाला' म्हणणारे प्रार्थनावाले गटात नकोत. फादर जो परेरांनी 1981 मध्ये वांद्र्याला कृपा फाउंडेशन काढलं, तिथेही पायऱ्यांच्या जोडीला अय्यंगार योग आहे.

केळीचा_घड: समितीला कळवतो. पण एखाद्याला आत्ताच बोलायचं असेल तर?

बावखल: गटात बोलू दे, पाच मिनिटं. किती प्यायचो याची फुशारकी थांबवा, 'आज काय केलं' विचारा. पहिल्या शुक्रवारी योहान 21 वाचा. पेत्राने 'मी येशूचा शिष्य नाही' म्हणून नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाजवळ (18:18), आणि तीनदा प्रश्न विचारून येशूने मेंढरं सोपवली तीही कोळशाच्या विस्तवाजवळच. तिथेही आधी न्याहारी झाली, प्रश्न नंतर. म्हणून चहा आधी द्या.