नॉर्थफील्ड दरोड्याचे इनामपत्रक: अस्सल की नक्कल?

महालकर: सीताबर्डीच्या एका रद्दीवाल्याकडून मी तीनशे रुपयांना एक इंग्रजी पत्रक घेतले असून, त्यावर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफील्ड गावी ७ सप्टेंबर १८७६ रोजी बँकेवर पडलेल्या दरोड्याचा मजकूर, दरोडेखोर टोळीचा म्होरक्या जेसी जेम्स याचे छायाचित्र आणि इनामाची रक्कम छापलेली आहे. ते त्या काळचे असेल का?

जुना जुळारी: इतवारीच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात माझी उमर गेली, म्हणून सांगतो. छायाचित्रावर भिंग धरावे. ठिपक्यांची जाळी दिसल्यास ते १८७६ चे नव्हे, कारण हाफटोन म्हणजे अशा ठिपक्यांच्या ठशाने छायाचित्रे छापणे त्यानंतर रूढ झाले. खिळ्यांनी छापलेल्या कागदाच्या पाठीवर बोट फिरवले, तर बहुधा अक्षरांचा उठाव जाणवतो. चहाच्या पाण्याने पिवळेपण आणता येते, हा उठाव मात्र तसा आणता येत नाही.

इतिहासप्रेमी: त्या दरोड्यात तिजोरी उघडण्यास नकार देणारा रोखपाल जोसेफ हेवूड मारला गेला आणि गावकऱ्यांनीच बंदुका उचलून टोळीतील दोघांना रस्त्यावर लोळवले, तरीही नक्कल करणाऱ्यांना जेसीचाच चेहरा विकायचा असतो. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला, तर तो बहुधा १९५० नंतरचा समजावा.

महालकर: ठिपके आहेत, पाठ गुळगुळीत आहे आणि कागद ट्यूबलाइटसारखा चमकला. चौकट करून बैठकीत लावतो.