सुलभा देशपांडे यांची बेणारे आणि त्यानंतरची पंचेचाळीस वर्षे

प्रश्न : धरमपेठ, नागपूर

माझी मुलगी यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेत नागपूर केंद्रावर विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात, खेळ म्हणून उभ्या केलेल्या खटल्यातील आरोपी लीला बेणारेची भूमिका करीत आहे. १९६७ साली ही भूमिका प्रथम सुलभा देशपांडे यांनी केली हे तिला ठाऊक आहे. परंतु तिच्या पिढीने त्यांना पाहिले ते २०१२च्या ‘इंग्लिश विंग्लिश’मधील प्रेमळ सासूबाईंच्या रूपात, आणि त्या सासूबाई व ही बेणारे एकाच अभिनेत्रीच्या, हे तिच्या मनाला पटत नाही. शेवटचे स्वगत ती उत्तम म्हणते, तरीही ते नाटकापासून सुटे पडल्यासारखे मला वाटते. सुलभाताईंच्या कामाकडे तिने कसे पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त शिक्षिका, महाल

ताई, मी चाळीस वर्षांपूर्वी धनवटे रंगमंदिरात बेणारे केली होती. ती इमारत आता राहिली नाही, पण त्या वेळी झालेली माझी चूक मला अजून आठवते. मी सारी तयारी स्वगतापुरती केली होती. हे स्वगत तेंडुलकरांनी दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहावरून लिहिले, त्यामुळे ते जोडकाम वाटण्याचा धोका मुळातच आहे. तो टाळायचा असेल तर त्याआधीचा संपूर्ण तिसरा अंक नटीला गप्प राहून पेलावा लागतो. साक्षीदार एकामागून एक येतात, बेणारेच्या खासगी आयुष्याचे धिंडवडे काढतात, आणि ती जवळजवळ काहीच बोलत नाही. प्रत्येक साक्ष ती कशी ऐकते, कोणत्या वाक्याला तिची मान हलते, कोणत्या वाक्याला हलत नाही, यावर स्वगताची किंमत ठरते. न्यायासनाकडून आरोपीला बोलण्यासाठी अवघे दहा सेकंद मिळतात, आणि तेवढ्या अवधीत ते सारे तिच्या मनातून वाहून जाते. अंकभर साठलेले नसेल तर वाहणार काय?

सुलभाताई स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, बेणारेही शिक्षिकाच, आणि वर्गातल्या चाळीस मुलांचे एकाच वेळी ऐकण्याची सवय अंगात मुरलेल्या बाईला ऐकण्याचा अभिनय वेगळा शिकावा लागत नसावा, असे माझे ठाम मत आहे. ‘भूमिका’ (१९७७) या चित्रपटात त्यांनी नायिकेची आई केली आणि ‘चौकट राजा’त (१९९१) नंदूची आई. या दोन्ही भूमिका मुलीला अवश्य दाखवा आणि त्यांची वाक्ये सुरू नसताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायला सांगा. नंतर ‘इंग्लिश विंग्लिश’ पुन्हा लावा. सासूबाई परक्या वाटणार नाहीत.

एक बारकावा राहिला. पहिल्या प्रवेशातच दाराच्या कडीत बेणारेचे बोट चेमटते, आणि पुढे तिला पळून जायचे असते तेव्हा तीच कडी बाहेरून अडकते. बोट दुखल्याचे नुसते ‘दाखवू’ नये. तालमीला खरी, जड कडी लावून घ्यावी.

उत्तर २ : लक्ष्मीनगर

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त सुलभाताईंच्या कारकिर्दीचा हिशेब केवळ भूमिकांनी करू नये, अशी विनंती आहे. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनंतर १९७१मध्ये त्यांनी अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्यासह ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था स्थापन केली आणि छबिलदासच्या सभागृहात प्रायोगिक रंगभूमी रुजवली. संस्थेच्या ‘चंद्रशाला’ या बालरंगभूमीच्या शाखेसाठी त्यांनी जे कष्ट उपसले, त्याची नोंद एखाद्या पुरस्काराने पुरी होत नाही, जरी १९८७ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला असला तरी. चित्रपटांतील छोट्या भूमिका पाहून ‘बाईंना पडद्याने न्याय दिला नाही’ असे पुष्कळ जण हळहळतात. मला ते पटत नाही, कारण त्यांचे घर रंगभूमीच होते.

उत्तर ३ : प्रतापनगर

सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली याच नाटकावर चित्रपट केला आणि त्यात बेणारे सुलभाताईंचीच आहे. मिळाल्यास तो पाहावा, पण प्रयोग बसल्यानंतर पाहावा. कॅमेरा चेहऱ्याजवळ येतो, म्हणून तेथे पापणीची हालचालही पुरते. सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत ती पोहोचत नाही. मुलीने पडद्यावरची लय उचलली तर रंगमंचावर ती मंद पडेल.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री स्वगत पूर्ण वगळून फक्त तिसऱ्या अंकाची तालीम घेतली. सभागृहातल्या कूलरच्या आवाजात साक्षीदारांची वाक्ये हरवत होती, म्हणून तो बंद केला आणि त्या उकाड्यात सव्वा तास मुलगी खुर्चीत बसून ऐकत राहिली. शेवटी नाटकातला सामंत हिरवा कापडी पोपट तिच्यापुढे ठेवतो, तेव्हा तिने मान वर केली नाही. हे आम्ही कोणीच सुचवले नव्हते. कडी मात्र अजून हलकी आहे. रविवारी इतवारीतून जड आणणार आहोत.