मदत हवी आहे: बोअरचं जड पाणी, लोखंडी कूलर आणि वरचा मजला. नवतपाच्या (मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) आधी काय काय करून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

होळी झाली, आता कूलर लावायची वेळ आली. यंदा मे महिन्यात धावपळ करण्यापेक्षा सगळं आत्ताच नीट करून घ्यायचं ठरवलं आहे, म्हणून हा धागा. नागपूर-विदर्भातल्या लोकांनी जरूर सांगावं. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना विचारलं तर ते सरळ एसी घ्या म्हणतात. त्यांना इथल्या कोरड्या उन्हाची आणि इथल्या कूलरची गंमत ठाऊक नसते.

आम्ही नागपुरात नंदनवन भागात वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर थेट स्लॅब, खिडक्या पश्चिमेला. सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. दुपारी कूलरशिवाय त्यांचा जीव कासावीस होतो, आणि कूलरला कुबट वास यायला लागला की त्यांना खोकल्याची उबळ येते. एसीची हवा त्यांना सोसत नाही, गुडघे धरतात. शिवाय महिन्याचा वापर ३०० युनिटच्या वर गेला की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर चांगलाच चढतो, ते आमच्या बजेटात बसत नाही. त्यामुळे कूलरच उत्तम चालवायचा आहे.

मुख्य अडचण पाण्याची. नळ सकाळी येतो, ते पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला जातं. बाकी सगळं बोअरवर. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, यावरून ते किती जड असेल ते समजून घ्या. एप्रिल संपेपर्यंत ताट्यांवर (कूलरच्या बाजूंना असणाऱ्या, पाण्याने भिजत्या राहणाऱ्या पॅडवर) पांढरा थर चढतो, वरच्या पाइपची भोकं बुजतात, ताटीचा एक भाग कोरडाच राहतो आणि नेमकी तिथूनच गरम हवा आत येते. पंपही अडकतो. टाकीत तुरटी फिरवून पाहिली, थर तसाच बसतो.

तर विचारायचं असं: क्षार बसूच नयेत यासाठी काही करता येतं का, की बसल्यावर काढणं एवढाच मार्ग आहे? काढायचे कशाने? शेजारी संडास साफ करायचं अॅसिड ओता म्हणतात, मला धीर होत नाही. ताट्या वाळ्याच्या घ्याव्यात, साध्या गवताच्या, की ते पुठ्ठ्यासारखे हनीकोंब पॅड? आणि स्लॅब तापतो त्याला कमी खर्चात काय करता येईल? घर भाड्याचं आहे, पण गच्चीवर काही करायला घरमालक नाही म्हणणार नाहीत.

२०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तसे दिवस पुन्हा आले तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला थंड जागा मिळालीच पाहिजे, एवढीच काळजी आहे. जमेल तेवढं सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, आमचं सक्करदऱ्याकडे कूलर दुरुस्तीचं काम आहे, वडिलांपासून. तुमच्यासारखी तक्रार बोअरवाल्या प्रत्येक घरात असते.

आधी अॅसिडचं. संडासचं अॅसिड अजिबात ओतू नका. ते क्षारासोबत पत्र्यावरचा जस्ताचा थरही खातं, पुढच्या वर्षी टाकी तळातून गळायला लागते. त्याचा धूर बंद खोलीत छातीत भरतो तो वेगळाच. निंबूसत्त्व (सायट्रिक अॅसिड) आणा, किराणा दुकानात सुटं मिळतं. पण तेही टाकीत टाकायचं नाही, कारण सौम्य आम्लानेसुद्धा जस्त झिजतं. पंप आणि वरचा पाइप काढा, प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी घ्या, बादलीभर पाण्याला चांगली मूठभर निंबूसत्त्व, आणि सामान त्यात बुडवून ठेवा. फसफस झाली म्हणजे क्षार सुटतोय. फसफस थांबली की जुन्या टूथब्रशने घासा, भोकं सुईने मोकळी करा, दोन-तीन पाण्यांनी धुवा. पंपाची खालची जाळी उघडून आतली छोटी चकरीही साफ करा, ती अडली म्हणजेच पंप अडतो. आणि त्या टबात ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो.

तुरटी गढूळ पाण्यातला गाळ खाली बसवते. पाण्यात विरघळलेला क्षार तिने जात नाही, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही.

आता क्षार कमी बसावेत यासाठी. कूलरमधून फक्त पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतो. तुम्ही वरून बोअरचं पाणी टाकत राहता, म्हणजे रोज नवा क्षार जुन्यात जमा. आठवड्याने टाकीतलं पाणी तुमच्या बोअरपेक्षा कितीतरी खारं झालेलं असतं. उपाय बिनपैशाचा आहे: नुसती भर घालत बसू नका, दोन दिवसांनी तळाचा बूच काढून उरलेलं पाणी पूर्ण सोडा आणि मग नवीन भरा. सोडलेलं पाणी अंगण धुवायला वापरा, कुंड्यांना नको. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बरेच जण कूलरमध्ये टाकतात. त्यात क्षार जास्तच असतो, ते फरशी पुसायला ठेवा. सकाळी नळाची एखादी बादली वाचत असेल तर ती कूलरला द्या, तेवढा क्षार कमी.

कुबट वासाचं कारण ओल्या राहिलेल्या ताट्या. रात्री कूलर बंद करायच्या अर्धा तास आधी पंप बंद करा, नुसता पंखा चालू द्या. ताट्या वाळतात, वास धरत नाही. आजींच्या खोकल्याला यानेच पुष्कळ आराम पडेल. दर आठवड्याला टाकी रिकामी करून आतून काथ्याने घासा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात.

टाकी गंजली असेल तर खरवडून, रेड ऑक्साइड मारून, वरून डांबराचा हात द्या. पूर्ण वाळल्याशिवाय पाणी भरू नका.

प्रतिसाद २

ताट्यांबद्दल माझा अनुभव. वाळ्याचा सुगंध आणि गारवा दोन्ही चांगले, पण जड पाण्यावर वाळ्याच्या मुळ्या लवकर कडक होतात आणि तेवढे पैसे वाया जातात. हनीकोंब महाग, दोन-तीन उन्हाळे टिकतं, पण ते चांगल्या पाण्यावर. क्षार बसला की त्याच्या बारीक नळ्या बुजतात, ब्रशने घासलं तर कागद फाटतो. तुमच्या पाण्याला साध्या गवताच्या ताट्याच बऱ्या. एक संच होळीनंतर, दुसरा मेच्या मध्याला, नवतपाच्या तोंडावर. दोन्ही संच मिळूनही स्वस्त पडतात. सासूबाईंना सुगंध आवडत असेल तर मूठभर वाळा कापडात बांधून टाकीत सोडा, तेवढं पुरतं.

फक्त ताट्या भरताना गवत सारखं पसरलेलं आहे ना ते उजेडासमोर धरून पाहून घ्या. आरपार उजेड दिसला तर तिथून गरम हवा येणारच.

धागाकर्ती

खूप खूप आभार! पाणी पूर्ण सोडायचं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, आजपासूनच तसं करते. ताट्या गवताच्याच घेईन, आणि वाळ्याची पुरचुंडी नक्की.

एक राहिलं. कूलर सध्या खोलीच्या आत, खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवतो, कारण बाहेर स्टँड नाही. संध्याकाळी खोलीत चिकचिक होते, चादरीसुद्धा ओलसर लागतात. स्टँड करून घेण्याचा खर्च करावा का? आणि गच्चीचं कोणी सांगेल का?

प्रतिसाद ३

स्टँड नक्की करून घ्या, सगळ्यांत आधी तोच खर्च करा. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो तेव्हाच खरा गारवा देतो. आत ठेवला की तीच ओलसर हवा पुन्हा पुन्हा फिरते, म्हणून चिकचिक. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा, हवा बाहेर जायला वाट हवी. दारं-खिडक्या लावून कूलर चालवणारे लोक कूलरला नावं ठेवतात, दोष बंद दारांचा असतो. तुमची खिडकी पश्चिमेची, तर कूलरवर दुपारचं ऊन पडणार. वर हिरवी नेट बांधा, पण ताट्यांना चिकटवू नका, हवा ओढायला जागा राहू द्या. मृग लागून हवा दमट झाली की कूलरचा पंप बंदच ठेवा, नुसता पंखा चालवा.

गच्चीला चुना. दरवर्षी आम्ही मार्चच्या शेवटी मारतो. चुना ड्रममध्ये आदल्या दिवशी भिजवून ठेवायचा. कळीचा असेल तर पाणी टाकताना उकळतो आणि उडतो, पोरांना लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. दुसऱ्या दिवशी गाळून, त्यात थोडा फेविकॉल मिसळून, गच्ची झाडून धुऊन झाल्यावर मोठ्या ब्रशने दोन हात. पहिला वाळल्यावरच दुसरा. काम सकाळी लवकर उरका, तापलेल्या स्लॅबवर चुना लगेच सुकतो आणि पापुद्रे निघतात. पांढऱ्या पृष्ठभागावरून ऊन परतून जातं, त्यामुळे रात्री स्लॅबमधून झिरपणारी उष्णता कमी होते. आमच्या वरच्या खोलीत पंख्याची हवा निदान अंगाला लागण्यासारखी राहते. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, तेव्हा गच्चीचं पन्हाळ आधी साफ करून घ्या, नाही तर गाळ नळीत जाऊन बसतो.

संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडणारे पुष्कळ आहेत. बोअर आटत चाललेल्या भागात मला ते पटत नाही. चुन्याने तेच काम पाण्याशिवाय होतं.

प्रतिसाद १ (पुन्हा)

ताई, स्टँड करणार असाल तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि तुटकं अर्थिंग यांनी विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात, तीही घरातलीच. तीन पिनांचा प्लग हवा आणि त्याच्या मोठ्या पिनेला खरोखर अर्थिंग आलं आहे का, ते टेस्ट लॅम्पने तपासून घ्या. जुन्या घरांत बोर्डावर तिसरं भोक असतं, मागे वायरच नसते. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. विजेची गळती झाली की ती क्षणात वीज तोडते. पाणी भरताना, पंप काढताना, ताटी हलवताना बटन बंद करून पुरत नाही, प्लग ओढूनच काढायचा. वायरला मध्ये टेप गुंडाळलेला जोड नको, अख्खी वायर घ्या.

सासूबाई एकट्या घरी असताना टाकीत पाणी कमी झालं तर त्या उठून पाइप लावतील, हे धरून चाला. फ्लोट (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता गोळा) बसवून बोअरच्या टाकीची लाइन कूलरला जोडून द्या, म्हणजे त्यांना हात लावायची गरजच पडणार नाही. दोन दिवसांनी बूच काढायचं काम मात्र तुमचंच.

धागाकर्ती

दादा, हे फार मोलाचं सांगितलंत. त्या खरंच उठून पाइप लावतात. घरमालकांशी आज बोलले, अर्थिंगचा खर्च ते करायला तयार आहेत, आरसीसीबी आम्ही घेऊ. वायरमन रविवारी येतोय. चुन्याला पुढच्या आठवड्यात सुरुवात करू. स्टँड लोखंडी अँगलचा घ्यावा की भिंतीत ब्रॅकेट ठोकावेत? खिडकीखाली छज्जा नाही, आणि पाणी भरलेल्या कूलरचं वजन बरंच होईल. कोणी करून घेतलं असेल तर सांगा.