पाच महिन्यांचं बाळ झोपेत पालथं पडतंय, रात्रभर उताणं करत बसायचं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातून लिहितेय. लेक सव्वापाच महिन्यांचा आहे आणि नुकताच पालथा पडायला लागलाय. दिवसा घरभर कौतुक चालतं, पण रात्री माझी झोप उडालीय. उताणा झोपवला तरी मध्येच पालथा होतो आणि तोंड गादीत. परत उताणं व्हायला अजून जमत नाही, एक हात अंगाखाली अडकतो. कधी रडतो, कधी रडतसुद्धा नाही, तसाच झोपून जातो. मला भीती त्याचीच वाटते.

घरात तीन माणसं, तीन मतं. सासूबाई म्हणतात, दोन्ही बाजूंना लोड लाव आणि कुशीवर झोपव, उताणं ठेवलं तर दूध ओकून घशात अडकेल. आजेसासूबाई गडहिंग्लजहून आल्यात, त्यांचं म्हणणं झोळी बांधा, झोळीत पोर पालथं पडूच शकत नाही. नवरा म्हणतो, एकदा वळायला लागलं की काळजी संपली.

आम्ही खाली जमिनीवर झोपतो. कापसाची गादी, वर मऊ वाकळ, बाळाच्या डोक्याला मोहरीची उशी. झोपवताना अजून दुपट्यात घट्ट गुंडाळते, नाहीतर दचकून उठतो. पावसामुळे डोक्याला टोपडंही असतं. बाळ पूर्ण दिवसांचं आहे, वजन चांगलं आहे, अंगावर पितं.

तर रात्री प्रत्येक वेळी उलटं करायचं का? लोड लावावेत का? झोळीचं काय? डॉक्टरांची पुढची भेट डोसाच्या वेळी आहे, तोवर काय करू?

दोन_पोरांची_आई :
बाकीचं नंतर. आधी आज रात्रीपासून दुपट्यात गुंडाळणं बंद कर. वळणारं बाळ गुंडाळलेलं असताना पालथं झालं तर हात टेकून मान वर करायला हातच मोकळे नसतात. वळायची नुसती खटपट दिसली तरी गुंडाळणं थांबवायचं असतं, तुझा तर पुरता वळतोय. दोन-चार रात्री दचकेल, चिडेल, मग सवय होते. माझ्या धाकटीने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं.

शाहूपुरीकर :
वहिनी, गादी बघा. कापसाची गादी जुनी झाली की मधोमध खळगा पडतो आणि पोर लोळत तिथंच जातं. आम्ही काथ्याची कडक गादी घेतली, वर एकच चादर, तीही चारी बाजूंनी ताणून खाली खोचलेली. हाताने दाबून बघायचं, खड्डा राहिला तर ती बाळासाठी नाही. आणि गादी भिंतीला लावून ठेवत असाल तर भिंत आणि गादी यांच्यात फट ठेवू नका. लोळणारं पोर बरोबर त्या फटीत जाऊन अडकतं.

आक्का_मंगळवार_पेठ :
अगं, आमची सगळी पोरं झोळीत वाढली, काय झालं नाही. आता जो तो मोबाइलात बघून बाळ झोपवतोय. लई घाबरू नको. साडीची झोळी, वर एक काठी आडवी घालायची, कापड पसरलेलं राहतं.

बालविभागातली_सिस्टर :
आक्का, काठी घालता हे चांगलंच, पण ती वरचं कापड फाकवते, खालचा बाक तसाच राहतो. त्या बाकात बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि एवढ्या लहान बाळाची श्वासाची वाट तेवढ्यानेही अरुंद होते. शिवाय हे बाळ आता वळतंय. झोळीत अर्धवट वळून तोंड कापडात गेलं तर कापड तोंडाबरोबरच येतं, बाजूला होत नाही. उद्या तेच बाळ गुडघ्यांवर उठेल आणि झोळीतून खाली येईल. जागं असताना, तुम्ही समोर बसून झोका देताय, ठीक. रात्रीची झोप मात्र सपाट जागेवरच.

आता मूळ प्रश्न. वर्षाचं होईपर्यंत प्रत्येक झोपेला, दिवसाच्यासुद्धा, उताणंच ठेवायचं. पुढे बाळ काय करतं त्याचे दोन टप्पे आहेत. ज्या बाळाला दोन्हीकडे वळता येतं, म्हणजे उताण्याचं पालथं आणि पालथ्याचं उताणं, ते झोपेत आपणहून पालथं झालं तर तसंच राहू द्यायचं. ताई, तुमचं बाळ अजून अर्ध्या वाटेवर आहे. त्याला पालथं बघितलंत की अलगद उताणं करा. पण त्यासाठी रात्रभर डोळे ताणून बसायचं नाही. दूध पाजायला उठाल तेव्हा बघा, पुरे. जागरणाने झिंगलेल्या आईच्या कुशीत बाळ झोपणं हा वेगळा धोका आहे. सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजता पाजता डुलकी लागणं तर सगळ्यात वाईट. तुमचे मिस्टर म्हणतात ते महिनाभराने खरं ठरेल, आज नाही.

लोड नकोत. बाळ लोडाला तोंड लावतं आणि आपणच सोडलेली हवा परत परत ओढत राहतं. कुशीवरही नको, कारण कूस ही टिकणारी अवस्थाच नाही, तिथून पालथं पडायला काही लागत नाही. मोहरीची उशी आजच काढा. डोक्याला आकार यावा म्हणून विकल्या जाणाऱ्या उशा वापरू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने 2022 मध्ये सांगितलं. डोकं चपटं होऊ नये म्हणून बाळ जागं असताना दिवसातून बऱ्याचदा पोटावर खेळवा, समोर बसून. त्यातूनच हात टेकून परत उताणं व्हायचंही तो शिकेल, म्हणजे तुमचा दुसरा प्रश्नही सुटतो.

दुधाचं सासूबाईंना असं सांगा. उताण्या बाळात श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. ओकलेलं दूध खालच्या नळीत परत जातं. पालथं केलं की हा क्रम उलटा होतो. त्यामुळे गुळण्या टाकणाऱ्या बाळालाही उताणंच झोपवतात.

टोपडं झोपताना काढा. बाळ अंगातली उष्णता मोठ्या प्रमाणात डोक्यावाटे टाकतं, आणि पालथं झाल्यावर टोपडं तोंडावर सरकतं. पावसाळ्यात आपल्याकडे गारठा असतो हे खरं, पण आपल्याला लागतात त्यापेक्षा कपड्याचा एखादाच थर जास्त. मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर कपडे कमी करा.

दोन_पोरांची_आई :
सिस्टर, माझ्या सासूबाईंना एकच गोष्ट पटली होती. पूर्वी इंग्लंड-अमेरिकेतही पालथं झोपवायचा सल्ला डॉक्टरच द्यायचे. मग ब्रिटनने 1991 मध्ये आणि अमेरिकेने 1994 मध्ये उताणं झोपवायची मोहीम काढली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण काही वर्षांत निम्म्यावर आलं. मोठ्या डॉक्टरांनीही मत बदललं म्हटल्यावर त्यांना कमीपणा वाटला नाही.

धागाकर्ती :
खूप आभार. दुपटं आणि उशी कालच बंद केली. वाकळ घडी करून वर ठेवलीय, त्याच्या अंगाखाली फक्त चादर. एकदाच उठून उलटा केला, बाकी तो आणि मी दोघंही झोपलो.

सासूबाईंना नळ्यांचं पटलं. आजेसासूबाईंना नाही पटलं, पण झोळी दुपारी त्या स्वतः समोर बसून देतील आणि डोळा लागला की मला हाक मारतील, एवढ्यावर तडजोड झालीय. दोन शंका राहिल्या. डासांसाठी रात्री कॉइल लावतो आणि संध्याकाळी ओव्याची धुरी असते, ते चालेल? आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत आहे.

बालविभागातली_सिस्टर :
कॉइल नको, धुरीही बाळाच्या खोलीत नको. कोणी बिडी-सिगरेट ओढत असेल तर तेही घराबाहेर. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी चालते, पण आता तो हातपाय मारून ती ओढून घेईल. त्यापेक्षा तुमच्या सगळ्यांवर बांधायची मोठी मच्छरदाणी लावा, कडा गादीखाली नीट खोचून. बाळाची गादी तुमच्या शेजारीच, पण वेगळी.

गळ्यातला दोरा काढा, वळताना कुठे अडकला तर फास बसतो. ताईत हवाच असेल तर तुमच्या उशाला ठेवा. पाळण्यावर चिमणाळं टांगलं असेल तर तेही आता उतरवा, महिन्याभरात त्याचा हात पोचेल.

आक्का_मंगळवार_पेठ :
ताईत काढताना म्हातारीला विचारून काढ गं. नाहीतर झोळीचं परत निघंल.